घरच्या एनएएसच्या डिस्क आणि सीएमआर-एसएमआर वादाची पार्श्वभूमी

घरच्या एनएएसमध्ये (नेटवर्कला जोडलेला, डिस्क घालून वापरायचा साठवणीचा डबा) कुठली डिस्क टाकू असं कोणी विचारलं की आजकाल पहिलंच उत्तर येतं, "सीएमआर आहे ना ते बघ आधी", म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवता साध्या पद्धतीने लिहिणारी डिस्क. २०२० च्या आधी हे उत्तर जवळपास कोणी देत नव्हतं, कारण घरगुती वापर करणाऱ्यांना या भानगडीत पडायची गरजच वाटली नव्हती. डिस्कच्या डब्यावर एनएएस लिहिलंय म्हणजे ती रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडून, एक गेली तरी डेटा वाचावा अशी रचना) नीट चालणार, एवढं पुरायचं.

हे लेबल मुळात आलं २०१२ मध्ये. त्याआधी लोक एनएएसमध्ये साध्या डेस्कटॉपच्याच डिस्क घालायचे, त्यातही कमी वीज खाणाऱ्या, हळू फिरणाऱ्या स्वस्त डिस्क जास्त. त्यांचे दोन त्रास होते. एक म्हणजे काही मालिकांमध्ये ८ सेकंद काम नसलं की वाचणारं-लिहिणारं हेड बाजूला जाऊन बसायचं (पार्क व्हायचं), आणि एनएएस तर दर थोड्या वेळाने काहीतरी लिहितच असतो, त्यामुळे हेडच्या अशा ये-जाचा, म्हणजे लोड सायकलचा, आकडा भराभर चढायचा. दुसरा त्रास जास्त गंभीर. खराब सेक्टर आला की डेस्कटॉप डिस्क तो वाचायचा प्रयत्न मिनिट दोन मिनिटं सुद्धा करत बसते, कारण तिच्या हिशोबाने त्या डेटाची दुसरी प्रत कुठेच नाही. रेडमध्ये दुसरीकडून तो डेटा मिळतो, तेव्हा डिस्कने साधारण ७ सेकंदांत हात वर करावेत अशी अपेक्षा असते. ती गप्प बसली की रेड सांभाळणारा कंट्रोलर तिला मेलेली समजून बाहेर काढतो, लिनक्समध्ये ही मर्यादा डिफॉल्ट ३० सेकंद आहे, म्हणजे चांगली डिस्क सुद्धा एका सेक्टरपायी बाद. सुरुवातीला एका छोट्या टूलने स्वस्त डिस्कमध्ये ही प्रयत्नाची वेळ बदलता यायची, मग नव्या फर्मवेअरमध्ये (डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) ती वाट बंद केली गेली, आणि तीच सोय पुढे एनएएस लेबलखाली आली, १, २ आणि ३ टीबीमध्ये, ५ बे (डिस्कच्या जागा) पर्यंतच्या बॉक्ससाठी. मला हे वाईट वाटत नाही, एंटरप्राइझ डिस्कचे पैसे न मोजता रेडला लागणारी वागणूक मिळाली, ही खरंच कामाची गोष्ट होती. आणि लोकांचा त्या लेबलवर विश्वास बसला तो याच्यामुळेच.

आता एसएमआर. लिहिणारं हेड वाचणाऱ्या हेडपेक्षा रुंद असतं, मग ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवले तरी वाचताना अडत नाही आणि तेवढ्याच प्लॅटरवर (डिस्कच्या आतल्या चकतीवर) जास्त डेटा बसतो. २०१३ पासून अशा डिस्क बाजारात यायला लागल्या. अडचण लिहिताना येते, मधला एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचाही पुसला जातो, म्हणून तो अख्खा पट्टाच परत लिहावा लागतो. हे लपवण्यासाठी डिस्क येणारं सगळं आधी एका राखीव भागात साध्या पद्धतीने लिहून ठेवते आणि मोकळा वेळ मिळाला की जागच्या जागी लावते. बॅकअपच्या एकट्या डिस्कला हे छान चालतं. डेटा सेंटरसाठी वेगळ्या एसएमआर डिस्क असतात, तिथे ऑपरेटिंग सिस्टमला हे सगळं माहीत असतं आणि ती त्याप्रमाणे लिहिते. घरगुती डिस्कमध्ये मात्र सगळं डिस्कच्या आतच चालतं, बाहेर काही कळत नाही.

आणि वेस्टर्न डिजिटल कंपनीने हीच डिस्क एनएएसच्या लेबलखाली घातली, न सांगता. २ ते ६ टीबीच्या मॉडेलमध्ये मालिकेचं नाव तेच ठेवलं, रंग तोच, फक्त मॉडेल नंबरची शेवटची अक्षरं बदलली आणि कॅशे (डिस्कची तात्पुरती मेमरी) ६४ वरून २५६ एमबी झाली, जे वाचून उलट वाटावं की डिस्क सुधारली. लोकांना कळलं ते झेडएफएसमध्ये (रेडचं कामही करणारी फाइल सिस्टीम) जुनी डिस्क काढून नवी घातली तेव्हा. रिसिल्व्हर म्हणजे नव्या डिस्कवर डेटा परत भरणं, तासन्तास न थांबता लिहिणं, डिस्कला मोकळा वेळच नाही, राखीव भाग भरतो, मग डिस्क एकेका कामाला इतका वेळ लावते की एरर येतात आणि नवीकोरी डिस्क पूलमधून (एकत्र जोडलेल्या डिस्कच्या गटातून) बाहेर फेकली जाते. एप्रिल २०२० मध्ये बातम्या आल्यावर कंपनीने मान्य केलं आणि मॉडेलची यादी दिली. बाकीच्या दोन मोठ्या कंपन्यांच्याही काही डेस्कटॉप डिस्क न सांगता एसएमआर निघाल्या, पण त्यातल्या एकीने आपल्या एनएएस मालिकेत एकही एसएमआर नाही असं स्पष्ट सांगितलं.

कंपनीचं म्हणणं असं होतं की घरच्या एनएएसवर काम अधूनमधूनच असतं, डिस्कला आवरायला भरपूर वेळ मिळतो. रोजच्या वापरापुरतं हे बरोबर आहे, आणि सलग लिहित जाणाऱ्या साध्या रेड रिबिल्डमध्ये (मेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर परत उभारताना) पण काही वेळा निभावून जातं. पण एनएएसची डिस्क माणूस रोजच्या दिवसासाठी निवडत नाही हो, ती निवडतो ज्या दिवशी शेजारची डिस्क मरेल त्या दिवसासाठी. झेडएफएसवर जे काम तासांत व्हायला हवं त्याला कित्येक दिवस लागले अशा चाचण्या तेव्हा समोर आल्या, आणि सिंगल पॅरिटी (एकच डिस्क गेलेली सोसेल अशी मांडणी) असेल तर ते सगळे दिवस दुसरी डिस्क गेली की सगळंच गेलं. तंत्रज्ञान वाईट नव्हतं, ते सांगितलं नाही हे वाईट होतं, आणि ते नेमकं त्या लेबलखाली केलं जे लोकांनी याच प्रसंगासाठी विकत घेतलं होतं. अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला, तो पुढे पैसे देऊन मिटला. जून २०२० मध्ये मालिकेचे भाग पाडले, जुन्या नावाखाली एसएमआर राहिली आणि सीएमआर हवी असेल तर नावापुढे जोड लागलेली नवी मालिका घ्यायची. म्हणजे ज्याने जुन्या भरवशावर जुनंच नाव मागितलं त्याच्या हातात नेमकी नको ती डिस्क पडणार, हे मला आजही पटत नाही.

त्याच वर्षी "५४०० क्लास" लिहिलेल्या काही डिस्क प्रत्यक्षात मिनिटाला ७२०० फेऱ्यांनी फिरतात हेही बाहेर आलं, आवाज आणि उष्णता बघून घेणाऱ्यांना त्याने फरक पडतो. २०२१ मध्ये डिस्कच्या जागेवर चालणाऱ्या एका क्रिप्टो चलनामुळे मोठ्या डिस्कचे भाव चढले. २०२५ च्या सुरुवातीला वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं, स्मार्टमधले (डिस्क स्वतःच्या वापराची नोंद ठेवते ती) तास शून्य केलेले, पण एका कंपनीच्या डिस्कमध्ये आतला वेगळा लॉग असतो त्यात खरे तास तसेच राहिले होते, म्हणून पकडलं गेलं. त्याच वर्षी एका एनएएस कंपनीने नव्या मॉडेलमध्ये आपल्याच किंवा आपण मान्य केलेल्याच डिस्क चालतील असं ठरवलं, ओरड झाली आणि ऑक्टोबरमध्ये हार्डडिस्कपुरतं ते मागे घेतलं.

सध्या एनएएस मालिकांमध्ये एसएमआर उरलीय ती मुख्यतः लहान क्षमतेत, ८ टीबी आणि पुढे सहसा सीएमआरच मिळते. स्पेक शीटमध्ये रेकॉर्डिंगचा प्रकार आता बऱ्याचदा दिलेला असतो, पण विकणारे नुसतं मालिकेचं नाव आणि टीबी टाकतात, त्यामुळे पूर्ण मॉडेल नंबर मागून तो कंपनीच्या यादीशी ताडून बघावाच लागतो, आणि डिस्क आधीच हातात असेल तर ती ट्रिम (कुठला डेटा आता नको ते डिस्कला कळवणारी आज्ञा) सपोर्ट दाखवते का ते बघा, फिरणाऱ्या डिस्कने ट्रिम दाखवलं तर ती बहुतेक एसएमआर असते.