आयपीएतला माल्ट: आला कुठून, गेला कुठे

आयपीए (‘इंडिया पेल एल’, म्हणजे हिंदुस्थानच्या नावाची फिकट बिअर) म्हणजे हॉप्सची, बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांची, कडू बिअर, हे समीकरण आता इतकं पक्कं बसलंय की तिच्यात माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, चव शोधणाऱ्याला लोक ‘मग स्टाउट (काळी, माल्टच्या चवीची बिअर) घे की’ म्हणून मोकळे होतात. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आयपीए मागवली असती, तर ग्लासात तांबूस रंगाची बिअर आली असती. टॉफीची, भाजलेल्या पावाची चव, आणि कडवटपणा तिच्या जोडीने. आज तशी आयपीए हुडकावी लागते. मात्र तीच ‘मूळची अस्सल’ आयपीए होती असं तिचे चाहते छातीठोकपणे सांगतात, ते काही खरं नाही. या बिअरमध्ये माल्टचा गोडवा मागाहून आला आणि पुढे काढूनही टाकला गेला.

सुरुवात लंडनजवळच्या बो इथल्या ब्रुअरीपासून, म्हणजे बिअरच्या कारखान्यापासून, करू. ही 1752 सालची, आणि नाव जोडलं जातं ते जॉर्ज हॉजसनचं. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जवळच ब्लॅकवॉलला लागत. जहाजांच्या कप्तानांना आणि अधिकाऱ्यांना स्वतःचा माल हिंदुस्थानात नेऊन विकायची मुभा होती, आणि हॉजसन त्यांना दीड-दीड वर्षाच्या उधारीवर बिअर द्यायचा. त्याच्या यशाचं खरं गमक ही उधारी आणि गोदीची जवळीक. ‘लांबच्या प्रवासासाठी त्याने मुद्दाम नवी बिअर शोधून काढली’ ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण तिला पुरावा नाही. त्याने पाठवली ती इंग्लंडात आधीपासून रुळलेली, जमीनदारांच्या तळघरांत वर्ष-दोन वर्षं मुरवत ठेवायची फिकट रंगाची ‘ऑक्टोबर’ बिअर. केप ऑफ गुड होपला वळसा, दोनदा विषुववृत्त, चार-पाच महिने पिंपांचं हिंदकळणं. एवढ्या प्रवासात ती नासण्याऐवजी लवकर मुरली. आणि हॉप्सनेच ती वाचवली म्हणावं, तर त्याच जहाजांतून गोऱ्या शिपायांसाठी काळी पोर्टरही ढिगाने यायची आणि नीट पोचायची. फिकट बिअर साहेबलोकांची, पोर्टर शिपायांची, अशी ती वाटणी होती.

आता तिच्यातल्या माल्टचं बघू. जव भिजवून, मोड आणून, भट्टीत वाळवला की माल्ट तयार होतो. लाकडाच्या आचेवर वाळवलेल्या माल्टला धुराचा वास आणि गडद रंग यायचा. सतराव्या शतकात डर्बीशायरमध्ये दगडी कोळशाचा कोक वापरायला लागले, तेव्हा आच हातात राहू लागली आणि फिकट माल्ट करणं सोपं झालं. हिंदुस्थानात जाणारी बिअर जवळपास सगळी या एकाच फिकट माल्टची, आणि माल्ट घातलेला असायचा भरपूर. तरी ती गोड नव्हती. साखर शिल्लक राहिली तर गरम हवेत पुन्हा आंबायला लागून पिंपं फुटण्याची भीती, म्हणून ती होईल तितकी आंबवून कोरडी करत. उरलंसुरलं जे असेल ते पिंपातलं दुसरं यीस्ट सावकाश खाऊन टाकायचं. हे यीस्ट 1904 मध्ये डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीतल्या क्लाउसेनने अशाच मुरवलेल्या इंग्लिश बिअरमधून वेगळं काढलं, आणि त्याला ‘ब्रिटिश बुरशी’ अशा अर्थाचं ब्रेटॅनोमायसिस हे नाव दिलं. तेव्हा मुंबई-कलकत्त्याच्या धक्क्यावर उतरणारी आयपीए कोरडी, कडू आणि फसफसणारी असणार. टॉफी-बिफी काही नाही.

1820च्या सुमारास हॉजसनच्या वारसांना हाव सुटली. कप्तानांना वगळून स्वतःच माल पाठवायचा आणि उधारी बंद, असा पवित्रा त्यांनी घेतला. कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्जोरीबँक्स यांनी मग बर्टन-ऑन-ट्रेंटच्या सॅम्युअल ऑलसॉपला गाठलं. बर्टनच्या ब्रुअरांचा रशियाशी चालणारा धंदा तिथल्या जकातीने नुकताच बसला होता, त्यामुळे ऑलसॉपलाही गिऱ्हाईक हवंच होतं. त्याच्याकडच्या जॉब गुडहेडने पहिला नमुना चहाच्या किटलीत करून पाहिला असं सांगतात. खरंखोटं देव जाणे. पण पाठोपाठ बर्टनचाच दुसरा ब्रुअर बासही उतरला आणि बोची सद्दी संपली.

बर्टनचं यश तिथल्या पाण्यात होतं. त्या पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, भरपूर. सल्फेटने कडूपणा धारदार आणि कोरडा लागतो, माल्ट मागे सरतो. क्लोराइड नेमकं उलट करतं, चव गोलाकार आणि भरीव करतं. दुसरीकडचे ब्रुअर पुढे आपल्या पाण्यात जिप्सम मिसळू लागले ते यामुळेच. म्हणजे आयपीएची ख्याती झाली ती माल्टला मागे सारणाऱ्या पाण्यावर, ही गंमत माल्टवाल्यांनी लक्षात ठेवावी.

मग गोडवा आला कधी? 1880 साली ब्रिटनचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा कर उठवून थेट बिअरवर कर बसवला. साखर किंवा इतर धान्यं वापरण्यावरची बंधनं सैल झाली. त्याच काळात वर्षभर मुरवायच्या बिअर मागे पडून आठवड्या-पंधरवड्यात विकायच्या हलक्या बिअर आल्या. हलकी बिअर पाणचट लागते, तिला अंग हवं. ते दिलं क्रिस्टल माल्टने. साध्या माल्टसारखं मोडाचे जव लगेच वाळवत नाहीत. ओलेच असताना बंद पिंपात साधारण 65-70 अंशांवर शिजू देतात. दाण्यातल्या स्टार्चची टरफलाआडच साखर होते. मग आच वाढवली की ती साखर तिथेच करपते आणि थंड झाल्यावर गोठते. असा दाणा दाताखाली फोडला तर आत पीठ नसतं, चिक्कीतल्या गुळासारखा तांबूस, कडक पाक असतो. यातला बराच भाग यीस्टला खाता येत नाही. तो बिअरमध्ये तसाच उरतो, आणि आपण ज्याला ‘माल्टी’ म्हणतो त्यातलं बरंचसं हेच.

इंग्लंडात क्रिस्टल माल्ट मुख्यतः बिटरमध्ये, म्हणजे तिथल्या पबमधल्या रोजच्या कडसर बिअरमध्ये, गेला. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई आणि कर यांनी तिथली आयपीए इतकी पातळ झाली की ती आणि बिटर यांत नावापलीकडे फारसा फरक उरला नाही. ग्रीन किंगची आयपीए आजही 3.6 टक्के अल्कोहोलच्या आसपास आहे. अमेरिकेत नेवार्कची बॅलंटाइन आयपीए लाकडी टाक्यांत वर्षभर मुरवून निघायची. ती ब्रुअरी 1972 मध्ये बंद पडली, आणि योगायोग असा की त्याच वर्षी कॅस्केड हा हॉप बाजारात आला. 1975 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकरने कॅस्केड घालून लिबर्टी एल केली. पुढच्या लहान ब्रुअरांनी पाककृती इंग्लिश पेल एलच्या घेतल्या, क्रिस्टल माल्टसकट, आणि हॉप्स मात्र अमेरिकन घातले. मॅरिस ऑटरसारख्या इंग्लिश जवाच्या मानाने अमेरिकन माल्ट चवीला बेताचा, त्यामुळे क्रिस्टलचा हात सैल सुटला. बॉस्टनच्या हार्पूनची 1993ची आयपीए, लॅगुनिटासची 1995ची, डॉगफिश हेडची 2001ची 9 टक्क्यांची ‘90 मिनिट’ या सगळ्या त्या वंशातल्या. माल्टी आयपीएचा सुवर्णकाळ म्हणायचा तर तो हाच, जेमतेम वीस वर्षांचा.

तो संपवला कॅलिफोर्नियाने. 1994 मध्ये टेमेक्युलाच्या ब्लाइंड पिग ब्रुअरीत व्हिनी चिलुर्झोने हॉप्स दुप्पट केले. पुढे रशियन रिव्हर या ब्रुअरीत तो आणि त्याच्यासारखे इतर क्रिस्टल कमी करत गेले. त्यांची तक्रार रास्त होती. करपलेली साखर हॉप्सचा ताजा वास झाकते आणि बिअर जुनी होताना मनुकांसारखी चिकट चव देते. नंतर अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्यातल्या ‘हेडी टॉपर’ या बिअरपासून गढूळ (‘हेझी’) आयपीएची लाट आली. तिच्यात ओट्स आणि गहू असल्यामुळे तोंडात भरीवपणा जाणवतो आणि पुष्कळजण त्यालाच माल्ट समजतात. तो पोत आहे. माल्टची चव तिच्यात जवळपास नसते.

आपल्याकडे ही कहाणी वेगळ्या टोकाने संपली. 1855 मध्ये एडवर्ड डायरने कसौलीला ब्रुअरी काढली. तिथली लायन ही बिअर आधी आयपीए होती, 1960च्या दशकात लागर, म्हणजे थंडाव्यात आंबवलेली बिअर, झाली. ज्या बिअरच्या नावात हिंदुस्थान, ती इथे परतली थेट या शतकात, मायक्रोब्रुअरींसोबत, म्हणजे जागेवरच बिअर करून विकणाऱ्या लहान ब्रुअरींसोबत. पुण्यात डूलॅली 2009 मध्ये सुरू झाली. तोवर जगाची चव कॅलिफोर्नियाकडे झुकलेली होती, म्हणून आपल्या बहुतेक नळांवर फिकट, संत्र्या-आंब्याच्या वासाचीच आयपीए मिळते.

माल्ट हवा असेल तर पाटीवर ‘इंग्लिश आयपीए’, ‘रेड आयपीए’ किंवा ‘ईस्ट कोस्ट’ शोधावं. ‘ज्युसी’, ‘हेझी’, ‘वेस्ट कोस्ट’ दिसलं की पुढे जावं. आयबीयूचा आकडा इथे कामाचा नाही, तो फक्त कडूपणा मोजतो. ‘90 मिनिट’चा आकडा नावाप्रमाणे 90 आहे, तरी ती गोडसर लागते. रंग त्यापेक्षा बरा साक्षीदार. परदेशी बाटली घेताना तारीख जरूर बघावी, कारण आठ-दहा महिने उन्हाळ्यात गोदामात पडलेल्या आयपीएतले हॉप्स विरतात आणि तीही ‘माल्टी’ लागायला लागते. त्या चवीत ओल्या पुठ्ठ्याचा वास मिसळला असेल तर बाटली परत करावी. मायक्रोब्रुअरीत हे सगळं टळतं. तिथे ब्रुअर बहुधा टाकीजवळच असतो, आणि क्रिस्टल माल्ट किती टक्के घातलाय हे विचारलं तर आनंदाने सांगतो. दहाच्या आसपासचा आकडा ऐकू आला तर बिनधास्त मागवा.