विभक्ती म्हणजे नक्की काय, आणि 'स ला ते' दोनदा का?

स ला ते, स ला ना ते, ने ए शी... हे डोलत डोलत पाठ सगळ्यांनीच केलंय, पण विभक्ती या शब्दाचा अर्थ काय ते निदान आम्हाला तरी कुणी सांगितलं नव्हतं. परवा भाचीचा अभ्यास घेताना तिने विचारलं, मामा, द्वितीयेला पण स ला ते आणि चतुर्थीला पण तेच, मग दोन कशाला? आता घ्या!

तर विभक्ती म्हणजे विभागणी, वि + भज्, भाग पाडणे. वाक्यात कोणाचं काम काय ते शब्दाच्या शेवटावरून वेगळं पाडायचं. पाणिनीकडे तर नामाचे आणि क्रियापदाचे दोन्ही प्रत्यय विभक्तीच, आपण नंतर तो शब्द नामापुरता धरला. आणि प्रथमा द्वितीया ही काही नावं नव्हेत, नुसते नंबर. काम सांगणारे शब्द वेगळे: कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण, ही कारकं. संबोधन पाणिनीने प्रथमेतच घातलं म्हणजे त्याच्या सातच, आठवी आपल्या तक्त्यातली.

संस्कृतात रामम् आणि रामाय वेगळे दिसतात म्हणून द्वितीया-चतुर्थी वेगळ्या ठेवायला अर्थ होता. मराठीत दोन्हीकडे 'रामाला', पण चौकट संस्कृताची घेतली ना, मग रकाना रिकामा कसा ठेवायचा, तेच प्रत्यय परत लिहिले. त्यातला 'ते' तर ज्ञानेश्वरीतला, आज 'रामाते बोलाव' म्हटलं तर राम पण येणार नाही.

युरोपात गंमत वेगळीच. तिथे विभक्तीला लॅटिनमध्ये कासुस म्हणत, म्हणजे पडणं, तो शब्द ग्रीक प्तोसिसचं भाषांतर. कर्त्याचं रूप सरळ उभं आणि बाकीची त्याच्यापासून कललेली, असं चित्र. पोर्तुगीजमधला 'काझु' तोच. आणि हा काझु आपल्या गोव्यात बराच आधी पोचलाय, थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्रीने कोंकणीचं व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिलं, ते तो 1619 ला वारल्यावर 1640 मध्ये राशोलला छापलं गेलं. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण 1836 चं, म्हणजे जवळजवळ 200 वर्षं नंतर. आता पोर्तुगीज नामांना तर विभक्तीचे प्रत्यय उरलेच नव्हते, त्यामुळे पाद्रीबाबांनी चौकट घेतली लॅटिनची. आमच्या पंडितांनी संस्कृतची घेतली, त्यांनी लॅटिनची, स्वतःची चौकट कुणी भाषेला दिलीच नाही असं मला वाटतं.

कारण खरी मजेची गोष्ट तक्त्याच्या बाहेरच राहते. घरी आम्ही 'म्हापशाला जातो' म्हणतो, बसमध्ये चढलं की कंडक्टरला कोंकणीत 'म्हापशाक एक'. प्रत्यय बदलला, ला चा क झाला, पण म्हापसा चं म्हापशा दोन्हीकडे झालंच की! फोंड्याला, फोंड्याक, तेच. प्रत्यय लागायच्या आधी शब्द जो असा वाकतो त्याला सामान्यरूप म्हणतात, आणि संस्कृतच्या तक्त्यात त्याला रकानाच नाही. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, ते पेपरात येत नाही, तू फक्त पंचमी विचार. ऊन, हून.