गुडघ्याचा कृत्रिम सांधा : भोवतालच्या हाडातील बदल

गुडघ्याचा सांधा बदलल्यानंतर मांडीच्या व नडगीच्या हाडांतून जाणाऱ्या भाराचा मार्ग बदलतो. त्यामुळे इम्प्लांटलगतच्या (बसविलेल्या कृत्रिम सांध्यालगतच्या) हाडाची घनता घटते किंवा वाढते.

हाड भारानुसार घडते, हे तत्त्व युलियुस वोल्फ यांच्या नावाने (1892) रूढ आहे. मात्र हाडातील जाळीची दिशा भारामुळे पडणाऱ्या ताणाच्या रेषांशी जुळते, हे झुरिचचे शरीररचनाशास्त्रज्ञ मायर व अभियंते कुलमान यांनी 1867 च्या सुमारास दाखविले होते. कार्यानुसार हाड स्वतःला जुळवून घेते, ही कल्पना विल्हेल्म रू यांनी 1881 मध्ये मांडली. वोल्फ यांचा काटेकोर गणिती दावा आज टिकत नाही. रू यांची मांडणी पेशीविज्ञानाला अधिक जवळची आहे.

बाह्य कठीण हाडाचा ताठपणा सुमारे 15 ते 20 गिगापास्कल, टायटॅनियम मिश्रधातूचा 110, तर कोबाल्ट-क्रोमचा 200 हून अधिक असतो. ताठ भाग भार स्वतःवर घेतो आणि शेजारचे हाड भाराविना राहून विरळ होते. मांडीच्या हाडात हे इम्प्लांटच्या पुढील पट्टीमागे, खालच्या टोकाशी दिसते. घनतामापनात बहुतेक घट पहिल्या वर्षी आढळते. नडगीच्या हाडात कोबाल्ट-क्रोमच्या जाड पायथापट्टीखाली (नडगीच्या माथ्यावर बसविलेल्या पट्टीखाली), आतल्या बाजूस हाड झिजते. या पट्टीपासून हाडात खाली जाणारा लांब दांडा भार खाली नेतो, त्यामुळे पट्टीलगतचे हाड आणखी विरळ होते व दांड्याच्या टोकाशी दुखू शकते. पूर्ण पॉलिएथिलीनच्या (एक प्रकारच्या प्लास्टिकच्या) नडगी-घटकात ही अडचण कमी असते.

इम्प्लांट कोणत्या कोनात बसवावे, यावर मतभेद आहेत. जुना दंडक असा, की खुब्यापासून घोट्यापर्यंतचा भाराक्ष गुडघ्याच्या मध्यातून, ±3° च्या आत जावा. 1991 च्या एका पाहणीत या मर्यादेत इम्प्लांट सैल होण्याचे प्रमाण 3%, तर बाहेर 24% होते. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या 2010 च्या 398 गुडघ्यांच्या पाहणीत मात्र 15 वर्षांच्या टिकाऊपणात फरक आढळला नाही. अनेक निरोगी माणसांचे पाय मुळातच किंचित धनुष्याकृती असतात, त्यामुळे सरसकट 0° चे लक्ष्य सर्वांना लागू करणे योग्य दिसत नाही. तरी नडगीचा घटक स्वतः 3° हून अधिक आत झुकला, तर आतील जाळीदार हाड चिरडून घटक खचण्याचा धोका वाढतो, हे अधिक विश्वसनीय आहे.

नडगीच्या आतल्या बाजूची घट नेहमी दोषच नसते. धनुष्याकृती वाकलेल्या पायात ते हाड आधीच अतिभाराने घट्ट झालेले असते. पाय सरळ केल्यावर भार उतरतो आणि घनता मूळ पातळीकडे येते. ही घट पहिल्या एक-दोन वर्षांत होऊन बहुधा थांबते. पॉलिएथिलीनच्या कणांमुळे होणारी हाडझीज याउलट उशिरा सुरू होते, पोकळ्या करत वाढत राहते. कण गिळणाऱ्या भक्षक पेशी हाड खाणाऱ्या पेशींना चेतवतात, हे त्यामागील कारण. म्हणून एकाच स्थितीत काढलेल्या क्ष-किरण चित्रांची मालिका तुलनेला लागते.

मांडीच्या हाडाच्या पुढील कवचात कापताना खाच पडल्यास इम्प्लांटच्या वरच्या बाजूस हाड मोडण्याची भीती सांगितली जाते. प्रयोगशाळेतील पुरावा तसा आहे, रुग्णांमधील निष्कर्ष मात्र एकमताचे नाहीत.