नफा वाटायचा किती? सामाजिक उद्योगांच्या भांडवलामागची गोष्ट

सामाजिक उद्योग म्हणजे समाजाचे काम साधण्यासाठी चालवलेला व्यवसाय. त्यातले बहुतेक वाद फिरून एकाच जागी येतात: पैसे घालणाऱ्याच्या हाती परत किती पडावे?

हा प्रश्न सहकाराइतका जुना. १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलला २८ जणांनी दुकान काढले. माल म्हणजे पीठ, साखर, लोणी, मेणबत्त्या. भांडवलाला ठरावीक व्याज, उरलेला नफा ज्याची जितकी खरेदी त्या प्रमाणात. मधली दीडशे वर्षे ओलांडू. १९९१ मध्ये इटलीने सामाजिक सहकारी संस्थांसाठी वेगळा कायदा केला. त्यांच्यातल्या रोजगार देणाऱ्या प्रकारात किमान ३० टक्के कामगार वंचित गटांतले हवेत.

खरा गुंता झाला ब्रिटनमध्ये. २००५ पासून तिथे ‘समाजहित कंपनी’ नोंदवता येऊ लागली. तिच्या मालमत्तेला कुलूप असते. कंपनी गुंडाळली तरी शिल्लक भागधारकांत वाटता येत नाही. लाभांशाला तर दुहेरी वेसण. पहिली, वाटण्याजोग्या नफ्याच्या ३५ टक्के: लाख पौंड असतील तर भागधारकांना फार तर ३५ हजार. दुसरी शेअरमागे, मध्यवर्ती बँकेच्या व्याजदराला बांधलेली, तो दर अधिक ५ टक्के. २००९ मध्ये दर अर्ध्या टक्क्यावर आला आणि हिशेब साडेपाच टक्क्यांचा झाला. जोखीम पूर्ण आणि परतावा साडेपाच, मग कोण येणार? २०१० मध्ये ही मर्यादा शेअरसाठी भरलेल्या रकमेच्या २० टक्के केली; २०१४ मध्ये ती काढूनच टाकली. ३५ टक्क्यांची मात्र राहिली. हेतू पातळ झाला, असे काहींचे म्हणणे. मला ती ओरड अवास्तव वाटते, कारण यातल्या बहुसंख्य कंपन्या हमीने मर्यादित, म्हणजे शेअरऐवजी सभासदांच्या ठरावीक रकमेच्या हमीवर उभ्या आहेत. त्यांना शेअरच नसतात, मग लाभांश कसला? त्यांच्यापुढे कमाई, कर्ज आणि अनुदान एवढेच.

दुसरे टोक २००७ मध्ये मेक्सिकोत दिसले. गरिबांना चढ्या व्याजाने छोटी कर्जे देणाऱ्या एका बँकेने शेअर बाजारात विक्री केली आणि जुन्या गुंतवणूकदारांची चांदी झाली. त्याच सुमारास ‘परिणामलक्ष्यी गुंतवणूक’, म्हणजे परताव्याबरोबर समाजाचे भलेही पाहणारी गुंतवणूक, हा शब्द रुळू लागला. त्यात अनुदानाच्या जवळचे पैसेही बसतात आणि बाजारभावाने परतावा मागणारेही, म्हणून चर्चेत दोघे एकमेकांशी वेगवेगळ्याच गोष्टींबद्दल भांडतात.

२०१० मध्ये इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या तुरुंगात निराळाच करार झाला. गुंतवणूकदारांनी ५० लाख पौंड घातले. वर्षाच्या आतली शिक्षा भोगून सुटलेले पुन्हा गुन्ह्याकडे कमी वळले, तरच सरकार पैसे देणार. किमान ७.५ टक्के घट हवी होती. २०१७ च्या हिशेबात ती ९ टक्के निघाली आणि मुद्दल परताव्यासह मिळाले. ठरल्या होत्या मात्र सुटलेल्या कैद्यांच्या तीन तुकड्या. सरकारने सुटकेनंतरच्या देखरेखीची व्यवस्थाच बदलली, आणि तिसरी तुकडी करारातून वगळली गेली.