इंजिनचा पिवळा दिवा लागला तर

मीटरमध्ये इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला की गॅरेजमध्ये पहिला प्रश्न येतो, "सेन्सर गेला काय?" गेलाही असेल. पण आपल्या किनारपट्टीवर सेन्सरच्या आधी बऱ्याचदा त्याचा कपलर (वायर जोडणारा प्लग) नाहीतर वायर जाते. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, त्यात बॉनेटखाली उबेला येणारे उंदीर. कपलर सोडवला की पिनांवर हिरवा कळंक चढलेला दिसतो.

एवढ्याशा कळंकाने काय होते? कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, तापमान सेन्सरचा रेझिस्टन्स इंजिन गार असताना जास्त असतो, तापल्यावर कमी होतो: २० अंशांना साधारण दोन-अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. कळंकाने त्यात भर पडली की ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) इंजिन अजून गारच वाटते आणि तो पेट्रोल जास्त सोडतो. ॲव्हरेज घटते, काळा धूर येतो, तापलेली गाडी लवकर चालू होत नाही. वायर पूर्ण तुटली तर बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा पंखा सारखा फिरत राहतो.

क्रँक सेन्सर इंजिन किती वेगाने फिरतेय ते ईसीएमला सांगतो; त्याची तऱ्हा वेगळी. आंबा घाट चढताना गाडी अचानक बंद पडते, सेल्फ फिरतो पण इंजिन उचलत नाही, आणि अर्ध्या तासाने काही झालेच नाही अशी चालू होते. अशा वेळी सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. बहुतेक गाड्यांत तो जरासा थरथरतो. जागचा हललाच नाही, तर गाडी आणाल तेव्हा ते आवर्जून सांगा.

चढावर पिकअप मिळत नसेल तर आधी एअर फिल्टर बघू, हवा मोजणारा सेन्सर नंतर.

ईसीएमने नोंदलेले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी ०३३५ हा कोड आला म्हणजे क्रँक सेन्सर बदलायचाच, असे नाही. तो कोड सगळ्या सर्किटचा. वायर आणि कपलरही त्यातच आले. म्हणून आम्ही आधी कपलर साफ करून मल्टीमीटर लावतो, मगच नवा सेन्सर मागवतो. बिल कमी होते, होऊ दे.

बॅटरीची वायर काढून दिवा घालवू नका. कोड पुसला जातो, दोष तसाच राहतो. इंजिनवर प्रेशरचे पाणीही नको.

दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश चालवत आणा. लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग मारतेय, म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट जळत नाही. न जळलेल्या पेट्रोलने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) तापून खराब होतो आणि तो सेन्सरपेक्षा कितीतरी महाग. गाडी बाजूला घेऊन फोन करा. ऑइलचा लाल दिवा लागला तर मात्र इंजिन तिथल्या तिथे बंद.

गणपतीच्या आधी आमच्याकडे गर्दी असते. घाटाने जायचे असेल तर तपासणी त्याआधीच उरकून घ्या.