मोले की खोतीगाव?

गोव्याला निघालेली घाटावरची मंडळी हमखास विचारतात, "नॅशनल पार्कात तंबू ठोकायचा आणि सकाळी समुद्रात डुंबायचं, जमेल ना?" नाही जमणार. गोव्यात राष्ट्रीय उद्यान एकच, मोले. अनमोड घाट उतरलात की ते लागतं, आणि तिथून समुद्र तासाभराहून लांब आहे. उद्यान १०७ चौरस किलोमीटरचं. भगवान महावीर अभयारण्य धरलं तर सगळं मिळून २४०.

अशांना खरं तर हवं असतं खोतीगाव. काणकोण तालुक्यातलं हे अभयारण्य ८६ चौरस किलोमीटरचं, १९६८ पासूनचं. पाळोळेचा किनारा इथून गाडीने जवळच. कोकण रेल्वेने काणकोणला उतरा, पुढे रिक्षा करा. मोलेला यायचं तर स्टेशन कुळे, म्हणजे वेगळाच लोहमार्ग. तिकीट काढण्याआधी हे बघून घ्या.

राहण्याची सोय दोन्हीकडे साधारण सारखीच: गेटाजवळ सरकारी कॉटेज, आधी बुकिंग करून. आपला तंबू घेऊन आत शिरू म्हणाल तर ते चालत नाही. वन्यजीव कायद्याखाली आत जायला आणि राहायला वनखात्याची परवानगी लागते, आणि शेकोटीचं नावच काढू नका. किनाऱ्यावर तरी मोकळीक असेल असं वाटतं, पण गोव्याच्या पर्यटनस्थळ कायद्याखाली पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक केला किंवा दारू प्यालात तर दंड होतो; २०१९ च्या दुरुस्तीत तो एकट्याला २,००० आणि गटाला १०,००० रुपये होता. तेव्हा स्टोव्ह घरीच ठेवा. गालजीबाग आणि आगोंदच्या वाळूत तर हिवाळ्यात कासवं अंडी घालतात. तिथे रात्री टॉर्च मारत फिरणाऱ्याला दोन शब्द ऐकवलेच पाहिजेत.

मग निवडायचं काय? दूधसागर धबधबा आणि तांबडी सुर्लाचं जुनं देऊळ बघायचं असेल तर मोलेच. धबधब्याच्या जीप कुळ्याहून सुटतात, पावसाळ्यात बंद असतात. खोतीगावात असा धबधबा नाही आणि वाघ बघायला म्हणून कुणी येऊही नये. तिथे झाडावर उंच मचाण आहे. उजाडायच्या सुमारास वर चढून गप्प बसा. आधी पानं हलतात, मग फांदीवरून खाली लोंबणारी झुबकेदार शेपटी दिसते, आणि शेकरू नंतर. पोरं सोबत असतील तर मी खोतीगावच सांगेन: सकाळी मचाण, दुपारी पाळोळे. जेवणाचं मात्र कॉटेजवाल्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.