जागल्याला दार सापडेपर्यंत

जुन्या गावगाड्यात रात्रभर जागून गावाची राखण करणारा तो जागल्या. आतली लबाडी बाहेर सांगणाऱ्याला मराठीत आज हाच शब्द वापरतात. शेअर बाजारात मात्र त्याला आधार मिळायला फार वर्षं लागली.

माझा मामेभाऊ राजापूरहून मुंबईला जाऊन एका दलालाच्या पेढीत कारकून झाला. ग्राहकांचे शेअर त्यांना न विचारताच गहाण पडतायत, हे त्याच्या लक्षात आलं. त्यात आमच्याच वाडीतल्या एका बागायतदाराचं खातं होतं, आंब्याच्या दोन हंगामांचे पैसे. गणपतीला आला तेव्हा पडवीत बसून हळू आवाजात एवढंच म्हणाला, "सांगू कोणाला?" त्याचं उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हतं.

डिसेंबर 2008 मध्ये 'सत्यम' या संगणक कंपनीच्या एका संचालकाला तिथल्या लबाडीबद्दल निनावी ईमेल आला. 7 जानेवारी 2009 ला अध्यक्षांनीच कबुली दिली: ताळेबंदात दाखवलेले पाच हजार कोटींहून जास्त रुपये अस्तित्वातच नव्हते. त्यानंतरच्या 2013 च्या कंपनी कायद्यात, कलम 177 मध्ये, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना अशा तक्रारींची सोय सक्तीची झाली. 2015 मध्ये दुसरं निनावी पत्र सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, गेलं: राष्ट्रीय शेअर बाजारात काही दलालांना भाव इतरांच्या आधी दिसतात. ते छापणाऱ्या 'मनीलाइफ' या नियतकालिकावर बाजाराने अब्रुनुकसानीचा 100 कोटींचा दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयाने मनाईहुकूम तर नाकारलाच, वर बाजारालाच 50 लाख भरायला लावले. पत्र लिहिणारा पडद्याआड राहिला म्हणूनच वाचला, असं मला वाटतं.

डिसेंबर 2019 पासून सेबी खबर देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवते, त्याला नोकरीत त्रास देण्यास मनाई करते आणि त्या खबरीमुळे वसूल झालेल्या रकमेच्या 10 टक्क्यांपर्यंत बक्षीस देते. कमाल मर्यादा आधी 1 कोटी होती, 2021 मध्ये 10 कोटी झाली. पण हे सगळं फक्त कंपनीच्या आतल्या, जाहीर न झालेल्या माहितीवर केलेल्या शेअरच्या सौद्यांपुरतं. गहाण पडलेले शेअर त्यात येत नाहीत.

2024 च्या नियमांनी दलालांच्या पेढ्यांनाही जागल्यांसाठी लेखी धोरण ठेवणं बंधनकारक केलं. मामेभावाला हे फोनवर सांगितलं. त्याने विचारलं, "तक्रार द्यायची कोणाकडे, पेढीतच ना?" मालकच गुंतलेला असेल तर त्या कारकुनाला सेबीचं दार थेट उघडं हवं, तेही 2019 च्याच गुप्ततेसकट. त्या बागायतदाराचे शेअर अजून परत आलेले नाहीत.